पुन्हा गोकर्णाला, या वेळी अज्जीला घेऊन

सदर : दोन उंबरठे

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं जायचं, हा विषय आपल्या घरांत एप्रिलमध्ये निघतो. तोवर गाड्यांची आरक्षणं भरलेली असतात, खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि कापसाचे आलेले पैसे लग्नकार्यात, खताच्या उधारीत नाहीतर मुलांच्या फीमध्ये गेलेले असतात. मग 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून विषय मिटतो. म्हणून वाचकहो, या वेळी सहलीचा विषय श्रावणातच काढला आहे. तोही नव्या ठिकाणाचा नाही. एकदा जाऊन आलेल्या, मनात भरलेल्या ठिकाणी पुन्हा कसं जायचं आणि तेही कमी खर्चात, एवढंच आज बघू.

आपल्या आदिलाबादकडच्या पुष्कळ घरांची समुद्राची पहिली सहल साधारण एकाच साच्याची असते. भाड्याची मोठी गाडी, आठ-नऊ माणसं, चार दिवस. गोवा, गोकर्ण, मुर्डेश्वर, जमलं तर जोगचा धबधबा. रोज पहाटे उठायचं, बॅगा भरायच्या, गाडीत बसायचं, उतरून फोटो काढायचे, पुन्हा बसायचं. घरी आल्यावर कुणालाही विचारा, काय आवडलं? उत्तर एकच येतं : 'गोकर्णाला संध्याकाळी समुद्रावर नुसतं बसलो होतो ना, ते.' म्हणजे खर्च झाला सगळ्या ठिकाणांवर आणि मनात राहिली एक संध्याकाळ. पुन्हा जाणाऱ्याला हीच गोष्ट उपयोगी पडते. काय आवडलं ते त्याला ठाऊक असतं, म्हणून बाकीचं वगळता येतं.

पण वगळायचं काय, याआधी एक दुसरा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मागच्या वेळी घरी कोण राहिलं होतं?

पाळी कुणाची?

प्रत्येक सहलीत कुणीतरी मागं राहतंच. म्हैस असते, दुकान असतं, देवाची पूजा असते. दसऱ्याच्या सुट्टीत जावं तर घरात घट बसलेले असतात, रोज माळ चढवायची असते. मागं राहणारं माणूस बहुतेक घरांत ठरलेलं असतं. अज्जी, नाहीतर थोरली सून. 'मला कुठं फिरणं झेपतं, तुम्ही जाऊन या,' असं ती स्वतःच म्हणते आणि आपण ते खरं मानतो.

आमच्या नात्यात एक अज्जी आहेत, बीदरकडच्या. लग्न होऊन आदिलाबादला आल्या त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. घरची मंडळी गोकर्णाला गेली तेव्हा त्या गोठा आणि घर सांभाळत राहिल्या. नातवंडांनी येताना त्यांच्यासाठी समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणलं. अज्जींनी बोट बुडवून चाखलं, 'उप्पु, उप्पु' म्हणत हसल्या आणि बाटली देवघरात गंगाजलाच्या गडूशेजारी ठेवली. पुढं चार वर्षं ती तिथंच होती. एकदा नात सहज म्हणाली, 'अज्जी, आता टाकून देऊ का?' तेव्हा त्या म्हणाल्या, 'नन्न पाळि बरली, आमेल चेल्लु.' माझी पाळी येऊ दे, मग ओत.

पाळी हा शब्द मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. दोन्हीकडं अर्थ एकच. पुन्हा जायचं असेल तर ज्यांची पाळी राहिली आहे त्यांचं नाव यादीत पहिलं लिहावं आणि बाकीचा हिशेब त्यांच्या भोवती मांडावा. मागच्या वेळी गेलेल्या कर्त्या मुलानं या वेळी आठ दिवस गोठा बघावा. त्याचा समुद्र पाहून झाला आहे.

अज्जीला नेलं तर खर्च वाढेल, असं घरात कुणीतरी म्हणेलच. एका तिकिटानं वाढेल, हे खरं. पण गोकर्ण आहे उत्तर कन्नड जिल्ह्यात. तिथं खोलीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शहाळेवाल्याशी घसघशीत कन्नडमध्ये बोलणारं माणूस आपल्या घरात कोण आहे? मुलांची कन्नड शाळेतल्या तेलुगू-इंग्रजीत विरघळली. आपली 'ऊटा आयता?' पाशी थांबते. 'एष्टु?' विचारून पुढं 'स्वल्प कम्मी माडी' म्हणायचं, तेही रागावल्यासारखं नाही तर घरच्यासारखं, हे काम अज्जीच करू जाणे. तिचं कन्नड बीदरचं, किनाऱ्यावरचं कन्नड वेगळ्या चालीचं. 'ऐती' आणि 'इदे'ची थोडी गंमत होईल. पण तिकडच्या माणसाला ही आपल्यातली बाई आहे हे कळतं आणि भाव सांगताना त्याचा हात आखडतो. घरात 'मला काय कळतं' म्हणणारी बाई तिथं घराची वकील होते. नातवंडांनी हे बघायला हवं.

कधी जावं

आपल्या तेलंगणातल्या शाळांना दसऱ्याला मोठी सुट्टी असते, पण ती घटांची आणि बतुकम्माची. संक्रांतीची सुट्टी इतक्या लांबच्या प्रवासाला अपुरी पडते, शिवाय तेव्हा हैदराबादची गर्दी किनाऱ्याकडं लोटते. नाताळ ते एक जानेवारी या दिवसांचं नावच घेऊ नका, तेव्हा तीच खोली कित्येक पट भावानं मिळते. महाशिवरात्रीला गोकर्णात मोठी यात्रा आणि रथोत्सव असतो. त्यासाठीच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. स्वस्तात जायचं असेल तर ते दिवस टाळावेत.

शेतीवाल्या घराला खरी मोकळीक मिळते ती पाडव्यानंतर मृगापर्यंत. कापूस विकून झालेला, पेरणीला वेळ. शाळाही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुटतात. म्हणून एप्रिलचा शेवट आणि मेची सुरुवात हा काळ धरा. हवा दमट असते, घाम येतो, पण आपल्याकडं पारा चव्वेचाळीसला गेलेला असताना तिकडं सावलीत वारा असतो. मेच्या मध्यानंतर गर्दी वाढते. मेच्या अखेरीस समुद्र खवळायला लागतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस किनाऱ्याला लागतो. तेव्हा उशीर करू नये.

याच वेळेचा आणखी एक फायदा आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. एप्रिलच्या शेवटी निघायचं तर तिकीट फेब्रुवारीच्या शेवटी काढायचं. त्या वेळी कापसाचे पैसे घरात असतात. पैसा आणि आरक्षण एकाच महिन्यात येतं, ही आपल्यासारख्यांच्या सोयीची गोष्ट झाली.

कसं जावं

पहिल्या सहलीत सगळ्यात मोठा खर्च भाड्याच्या गाडीचा असतो. गाडीचे किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता, त्याचं जेवण, रात्रीचा मुक्काम, टोल. तो सगळा या वेळी रेल्वेनं वाचतो.

आदिलाबादहून तिरुपतीला जाणारी कृष्णा एक्सप्रेस आपल्याला ठाऊकच आहे. ती किनवट, मुदखेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद असं वळण घेत रात्रीतून सिकंदराबादला पोचवते. सिकंदराबादहून वास्कोला जाणारी थेट गाडी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. क्रमांक १७०३९, परतीचा १७०४०. सुरू झाली तेव्हा ती बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी सिकंदराबादहून निघे, तर गुरुवारी आणि शनिवारी सकाळी वास्कोहून परत फिरे. आरक्षणाआधी वार आणि वेळ एकदा तपासून घ्यावी. कृष्णा एक्सप्रेसला उशीर झाला तरी चालावं म्हणून मध्ये काही तास राहतील असं बघावं.

या वारांप्रमाणे हिशेब असा बसतो : गुरुवारी रात्री आदिलाबाद, शुक्रवारी सकाळी सिकंदराबाद, शनिवारी पहाटे मडगाव. परत गुरुवारच्या गाडीनं. म्हणजे तिकडं पाच रात्री मिळतात, त्यांपैकी शनिवारची तेवढी गर्दीची. रविवारी दुपारी बेंगळुरू-हुबळीकडची मंडळी परतली की गोकर्ण मोकळं होतं आणि सोमवार ते बुधवार खोलीवालाही नरम असतो.

ही गाडी कर्नूल, गुंतकल, बळ्ळारी, होसपेट, गदग, हुबळी, धारवाड, लोंढा अशी जाते. कन्नड मुलूख आडवा कापतच समुद्राकडं पोचते म्हणायला हरकत नाही. पण एप्रिलमध्ये कर्नूल-बळ्ळारीच्या पट्ट्यातून भर दुपारी स्लीपर डब्यातून जाणं म्हणजे भट्टीतून जाणं. इथं काटकसर कुठं करायची आणि कुठं नाही, ते ठरवावं लागतं. सगळ्यांना एसी परवडणार नाही. मग अज्जी आणि तिच्या सोबतीला एक जण, अशी दोन तिकिटं थर्ड एसीची काढा, बाकीच्यांनी स्लीपरमध्ये ओल्या पंचानं तोंड पुसत जावं. तरुण हाडं आहेत, त्यांना झेपतं.

रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती धरून हिशेब मांडू नये. मात्र आरक्षण करताना वय नीट लिहावं, खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडतं, न घेतला तर अर्धं. रात्रीच्या प्रवासात धाकट्याला आईच्या कुशीत झोपवून जमत असेल तर तेवढी बचत होते. दहा वर्षांच्या आडदांड मुलाच्या बाबतीत मात्र हा मोह धरू नका.

परत येताना आणखी एक सोय आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महालक्ष्मी योजनेत राज्यातल्या बायकामुलींना पल्ले वेलुगू आणि एक्सप्रेस बसमध्ये राज्याच्या हद्दीत तिकीट पडत नाही. शुक्रवारी सकाळी सिकंदराबादला उतरून जुबिली बस स्टेशनवरून आदिलाबादची एक्सप्रेस धरली, तर घरातल्या बायकांचा हा तीनशे किलोमीटरचा प्रवास फुकटात होतो. तेलंगणाचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. कर्नाटकातही ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहे, पण ती कर्नाटकातल्या रहिवासी बायकांसाठी. माहेरचं आधार कार्ड तसंच राहिलेली एखादी काकू सोबत असेल तर तिला तिकडं फुकट आणि इकडं तिकीट. दोन्ही राज्यांचा लाभ एका कार्डावर मिळत नाही. योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी डेपोत विचारून घ्यावं.

मडगावहून कोकण रेल्वेच्या मंगळूरकडं जाणाऱ्या पॅसेंजरनं कारवार, अंकोला करत गोकर्ण रोडला उतरायचं. भाडं अगदी किरकोळ. स्टेशनपासून गाव आठ-दहा किलोमीटर, तिथून रिक्षा. रिक्षाचा भाव अज्जीनं ठरवायचा.

वहीतलं पान

पाच माणसांचं घर धरू. अज्जी, आई, वडील, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा. एकूण रक्कम तीस हजार. भाडी बदलतील, आकडे तुमच्या घराप्रमाणे कमीजास्त होतील. वाटणीचं प्रमाण तेवढं पाहा.

प्रवास, जाऊन-येऊन : १०,५०० रुपये
राहणं, पाच रात्री, रोजचे १,४०० प्रमाणे : ७,००० रुपये
खाणंपिणं : ५,५०० रुपये
तिथलं फिरणं : २,००० रुपये
पूजा आणि खरेदी : २,००० रुपये
राखीव : ३,००० रुपये

राखीव रकमेला शेवटच्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. परदेशी माणसासारखे आपण विमा काढून फिरत नाही. ताप, उलटी, चुकलेली गाडी यांचा विमा म्हणजे हे तीन हजार. न लागले तर पुढच्या श्रावणात भिशीचा पहिला हप्ता तयार.

पैसे साठवायचे कसे? श्रावण ते फाल्गुन हे आठ महिने आहेत. दर महिन्याला ३,७५० रुपये बाजूला पडले तर तीस हजार होतात. माघात तिकिटं काढायची वेळ येते तेव्हा सात हप्त्यांचे २६,२५० हातात असतात. महिन्याला एवढं निघत नसेल तर घरातल्या प्रत्येकानं एकेक वाटा उचलावा. वडिलांचा, आईच्या शिवणकामाचा, बचत गटातून येणारा. अज्जीकडून मात्र घेऊ नका. ती तिच्या कनवटीतून काढून देईल, आणि तिनं दिले की तिथं गेल्यावर शहाळं घेतानाही 'नको, उगाच खर्च' म्हणेल.

खोली आणि खाणं

गोकर्णात राहण्याच्या दोन तऱ्हा. एक समुद्राला लागून, दुसरी गावात देवळाजवळ. कुडले, ओम या नावाजलेल्या किनाऱ्यांवर जायला टेकडी ओलांडावी लागते किंवा रिक्षा. अज्जी सोबत असेल तर गावातच राहा. देऊळ, कोटितीर्थ, बाजार आणि गावचा मोठा किनारा सगळं पायी होतं. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, जास्तीची गादी मिळेल का, हे फोनवर आधी विचारून घ्यावं. आगाऊ थोडीच रक्कम द्यावी, पूर्ण पैसे खोली पाहिल्यावर. मोबाईलवर दिसणारा सुंदर फोटो आणि अर्धा भाव पाहून सगळे पैसे पाठवणाऱ्यांची फसगत होते, तेव्हा त्या गावात कधी राहून आलेल्या ओळखीच्या माणसाकडून नंबर घ्यावा हे बरं. मागच्या वेळची पावती कुठल्या तरी पिशवीत असेल, ती शोधा. एकदा राहून गेलेल्या गिऱ्हाइकाला खोलीवाले ओळख ठेवतात.

जेवणाचा खर्च घरातूनच कमी होतो. आपल्याकडची कडक भाकरी, तिकडच्यांची खटक रोट्टी, नाव काहीही म्हणा, आठवडाभर टिकते. शेंगदाण्याची चटणी म्हणजे शेंगा हिंडी, डब्यात घट्ट दाबून न्यावी. सोबत चिवडा, भाजलेले शेंगदाणे, गूळ. चहाची विजेची किटली नेली की पाच माणसांचा दोन वेळचा चहा खोलीतच होतो. दुपारचं जेवण बाहेर, साधा 'ऊटा'. महाबळेश्वराच्या देवळातर्फे प्रसादाचं जेवण असतं, त्याची वेळ तिथं विचारून घ्यावी. घरात मासे खाणारे आणि न खाणारे दोन्ही असतील तर एक वेळ बांगडेवाल्यांची ठरवून टाकावी, म्हणजे रोज वाद नको. एळनीरु, म्हणजे शहाळं, आणि कोकमाचं सरबत यांत मात्र काटकसर करू नका. उन्हात तेच औषध.

काय वगळायचं, काय धरायचं

मुर्डेश्वरची उंच शिवमूर्ती पाहून झाली आहे. जोगच्या धबधब्याला एप्रिलमध्ये धार नावाला असते. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत मागच्या वेळी निम्म्यांनी ओकाऱ्या काढल्या असतील. हे तिन्ही वगळा. फिरण्याचा खर्च दोन हजारांवर आला तो एवढ्यानंच.

धरायचं ते असं. एक दिवस देवळाचा. आत्मलिंगाची गोष्ट आपल्या दोन्ही भाषांतल्या आज्या सांगत आल्या आहेत. रावण कैलासाहून लिंग लंकेला नेत होता, संध्येची वेळ झाली, गुराख्याच्या रूपातल्या गणपतीच्या हाती त्यानं ते दिलं आणि गणपतीनं ते जमिनीवर टेकवलं. ती गोष्ट अज्जीनं तिथंच, महागणपतीच्या देवळाच्या पायरीवर बसून सांगावी. तिकीट नाही, गाइड नाही. पुरुषांना धोतर किंवा पंचा नेसून, अंगात सदरा न घालता आत जावं लागतं. धोतर घरून न्यावं, तिथं विकत घेण्यात अर्थ नाही.

एक सकाळ मिठागरांची. गोकर्णाजवळ साणीकट्टा इथं जुनी मिठागरं आहेत, आणि एप्रिल हा तिथल्या कामाचा हंगाम. आपल्या मुलांनी कापसाची शेतं पाहिली आहेत, समुद्राचं पाणी वाफ्यात सोडून उन्हानं मीठ पिकवतात ते पाहिलेलं नाही. शेजारच्या अंकोल्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता, हेही मुलांना सांगावं. खरेदीच्या यादीत शंखशिंपल्यांच्या माळांऐवजी तिथलं जाडं मीठ लिहा. शेजारणींना वाटायला स्वस्त आणि लोणच्याला उत्तम. लोणच्याचे दिवसही तेच.

एक दुपार उतरताना मिर्जानचा किल्ला. गेरसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी सोळाव्या शतकात या भागावर राज्य करत होती. मिरीच्या व्यापारामुळं पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत. मुलीला ही गोष्ट मुद्दाम सांगा. किल्ल्यावर चढण फारशी नाही, तरी अज्जीचे गुडघे पाहून ठरवावं. ती झाडाखाली बसली तरी तिची सहल होते.

बाकी सगळ्या संध्याकाळी समुद्र. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळ्याला, जीवरक्षकाला विचारायचं : 'नीरु आळ इदेया?' पाणी खोल आहे का? या किनाऱ्यावर काही ठिकाणी पाण्याची ओढ फसवी असते. खडकांजवळ आणि अंधार पडल्यावर उतरू नये. मुलांना आपल्या गोदावरी-पैनगंगेचं पोहणं येतं म्हणून समुद्राशी मस्ती करू देऊ नये. अज्जीला गुडघाभर पाण्यात दोघांनी दोन्ही हात धरून उभं करावं. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते, तेव्हा नवख्या माणसाचा तोल जातो.

शेवटची रात्र मडगावात काढावी, म्हणजे गुरुवारी सकाळची गाडी चुकत नाही. गोवा हवाच असेल तर बुधवारी संध्याकाळी बसनं कोलव्याला जाऊन यावं. परतीच्या गाडीचा आणखी एक फायदा म्हणजे कुळे ते कॅसलरॉक हा घाट दिवसाउजेडी लागतो. दूधसागरला त्या दिवसांत पाणी थोडंच, पण बोगदे आणि दऱ्या पाहायला पैसे पडत नाहीत. पुढं धारवाडला पेढे. खरेदीतले उरलेले शंभर-दोनशे तिथं संपवायला हरकत नाही.

आधी एक छोटी परीक्षा

अज्जीला आठ दिवस झेपेल का, ही काळजी रास्त आहे. त्यासाठी थंडीच्या दिवसांत बासरला रेल्वेनं एका दिवसाची फेरी करून पाहा. जिना चढता येतो का, गाडीत झोप लागते का, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का, हे कळतं. डॉक्टरांना दाखवून रक्तदाबाच्या गोळ्या दहा दिवसांच्या घ्याव्यात, आठ दिवसांच्या नव्हे, आणि त्यांची चिठ्ठीही सोबत ठेवावी.

एवढं करूनही ती 'नको' म्हणेल. एकदा म्हणेल, दोनदा म्हणेल. तिसऱ्यांदा विचारलं तर 'बघू' म्हणेल. आपल्या घरांत 'बघू' म्हणजे काय, ते दोन्ही भाषांतल्या सुनांना कळतं. तिकीट काढून टाकावं.

१९५६ पर्यंत आदिलाबाद, नांदेड आणि बीदर हे जिल्हे एकाच हैदराबाद संस्थानात, पुढं हैदराबाद राज्यात होते. किनवट तर आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणे राज्यं झाली आणि माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात अशी घरं तयार झाली. त्या घरांतल्या बायका मराठीत संसार करत राहिल्या आणि कन्नडमध्ये फक्त नातवंडांना झोपवत राहिल्या. त्यांचं कन्नड आठ दिवस मोठ्यानं, बाजारात, चारचौघांत बोललं जावं, यासाठी तीस हजार रुपये जास्त नाहीत.

घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. कन्नडमध्ये 'होगि बर्तीनि', तेलुगूत 'वेळ्ळोस्तानु'. तिन्हीत जाऊन येण्याचाच शब्द आहे. दर वेळी दारात उभं राहून तो ऐकणाऱ्या माणसाला या उन्हाळ्यात तो म्हणायला मिळावा. या नागपंचमीला वही काढा, पहिल्या पानावर तिचं नाव लिहा आणि पहिले ३,७५० रुपये बाजूला ठेवा.